उघडं तांबं

वडिलांचं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा हिंजवडीच्या कंपनीतून रजा घेऊन मी आठवडाभर इस्पितळात बसून होतो. तिथे रोज कसब्यातला एक तांबट यायचा, पन्नाशी उलटलेला. पलंगांच्या कठड्यांवरचा जंतुनाशक चांदीचा लेप झिजून गेला, म्हणून त्यानेच वर्षापूर्वी त्यांवर तांब्याचे पत्रे बसवले होते. आता ते काळपटले होते आणि इस्पितळाला चकचकीत हवे होते. तो एकेक पत्रा घासायचा, वार्निश मारायचा आणि कमरेवर हात ठेवून नुसता उभा राहायचा.

"छान दिसतंय," मी म्हणालो.

"दिसतंय ना? मग झालं. तांबं उघडं असेल तरच जंतू मारतं, काळं पडलं तरी मारतं. वार्निशखाली ते नुसतं शोभेचं. साहेबांना तीनदा सांगितलं. ते म्हणाले, पेशंटला स्वच्छ वाटलं पाहिजे."

थोड्या वेळाने तो खाली बघतच म्हणाला, "आमच्या हिचं ऑपरेशनही नीट झालं होतं. नंतर जखमेत जंतू गेले."

शेवटच्या दिवशी तो आमच्या पलंगापाशी आला. वडील झोपले होते. त्याने कठडा घासला, फडक्याने पुसला आणि वार्निशचा डबा न उघडताच निघाला.

"अहो, हा राहिला," इस्पितळाच्या सुपरवायझरने हटकलं.

"वार्निश संपलं."

डबा निम्मा भरलेला आहे, हे मी सकाळीच पाहिलं होतं. मी वडिलांचं पांघरूण सारखं केलं. तो जिना उतरून गेल्यावर लक्षात आलं, आठवडाभरात मी त्याचं नावही विचारलं नव्हतं.