हात न लागलेलं सूत

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या भवानी पेठेत आमचे हातमाग होते. माझे वडील, अण्णा, सूत चिमटीत पिळून बघितल्याशिवाय घेत नसत. एका वर्षी मात्र भाव चढेल म्हणून त्यांनी वायदा केला. पुढं येणाऱ्या सुताचा भाव, सूत न बघताच, आधी बांधून घेतला. भाव कोसळला.

मी तेव्हा कॉलेजात गणितातलं डेरिव्हेटिव्ह शिकत होतो.

"त्यानं काय कळतंय?" अण्णांनी विचारलं.

"एखादी गोष्ट या क्षणी किती वेगानं बदलतेय, ते."

"थांबवता येतंय का?"

"नाही."

"मग आग लाव त्याला."

वायद्यालाही इंग्रजीत डेरिव्हेटिव्हच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. आधी कळून तरी काय दिवे लावले असते?

माग विकून अण्णा दुसऱ्याकडे विणायला जाऊ लागले. तिथंही सवयीनं सूत चिमटीत धरायचे. मालक ओरडायचा, "ठेवा ते! तुमचं हाय का?"