पिवळ्या पट्ट्याचा डबा

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे आमच्या कोळीवाड्यात कुणालाच धड सांगता येत नाही. बाबांना कुणी विचारलं तर ते म्हणतात, "कंपनीत हाय. बार्जवालं घाण करतात काय, त्ये बघते." इतकं नेमकं वर्णन कंपनीलाही जमलेलं नाही.

बाहेर समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांवरचा माल आमच्या बार्ज आगरदांड्याजवळच्या आमच्या धक्क्यावर आणतात. इंजिनाखाली साचणारं तेलकट पाणी खाडीत सोडायचं नाही, टाकीत भरून धक्क्यावरच्या टँकरला द्यायचं. जेवणाचा कचरा परत आणायचा. इंजिनातून काढलेलं जळकं तेल डब्यांत बंद करून परवाना असलेल्या कारखान्याकडे धाडायचं. हे होतंय ना, ते बघायला मी, आणि होत नसलं तर ओरडायलाही मीच. आई म्हणते, हिच्या पायाला भिंगरी आणि तोंडाचा पट्टा सुटलेला.

सगळ्यांत जास्त शिव्या मी खाल्ल्या त्या जळक्या तेलावरून. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला होडी वर घ्यायची, ओहोटी लागली की बूड खरवडायचं आणि त्यावर तेलाचा हात द्यायचा, म्हणजे लाकडाला कीड लागत नाही. आजोबा मुशी माशाचं तेल वापरायचे. आता जाळ्यात मुशी येते कुठे? म्हणून बार्जचे इंजिन ड्रायव्हर आपलं जळकं तेल कोळ्यांना देऊ लागले आणि कोळी त्यांच्या घरी कोलंबीचा वाटा पोचवू लागले. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. मी आले आणि बंद केलं. डबे कुठे जातात ते कळावं म्हणून प्रत्येक डब्याला पिवळा पट्टा मारून घेतला. त्यानंतर दोन दिवस बाबांच्या कृपेने माझ्या ताटात मासळीचं शेपूट तेवढं पडलं.

गेल्या हिवाळ्यात अमावास्येला सकाळी फोन आला. धक्क्याशी पाण्यावर तेलाचा तवंग आहे, लोक जमलेत, कुणीतरी तक्रार केलीय आणि तासाभरात तपासणी अधिकारी येताहेत. तेल आमचं निघालं तर धक्क्याला लागलेली बार्ज थांबणार आणि तिचं इंजिन चालवणाऱ्या ड्रायव्हरकाकांची नोकरी जाणार. माझी गेली असती तरी चाललं असतं, पण वाड्यात पुन्हा तोंड कसं दाखवणार होते? मी कंपनीची झाले, हे तर लोक आधीच म्हणत होते.

मी बार्जवर चढले. टाकी, पाइप, झडपा, सगळं हात लावून पाहिलं, आणि समाधान होईना म्हणून पुन्हा पाहिलं. सगळं कोरडं, बंद. ड्रायव्हरकाका मागे उभे होते. "मॅडम, एक थेंब न्हाय सोडला," ते म्हणाले. आवाज खरा होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझं डोकं फिरलं. मी खाली उतरले आणि तवंग जिथून येतोय तिकडे काठाकाठाने चालू लागले. भरती चढत होती. पाण्यावरचे ते रंगीत पट्टे वळणामागून येत होते.

वळणामागे आमची होडी होती.

बाबा गुडघाभर पाण्यात उभे. पहाटेच्या ओहोटीत त्यांनी होडीची एक बाजू काळीभोर माखली होती. दुसरी व्हायच्या आत पाणी आलं आणि ओलं तेल घेऊन निघालं. वाळूत डबा पडला होता, पिवळ्या पट्ट्याचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

"कुणी दिलं?" मी ओरडले.

"वरडू नको बाय. तुजा बाप म्हणून दिलंन त्यानं. एकच डबा."

एवढ्यात अधिकारी आलेच, त्यांच्यामागे गर्दी आणि गर्दीत ड्रायव्हरकाका. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. अधिकाऱ्यांनी होडीकडे पाहिलं. बाबाच पुढे झाले.

"साहेब, त्याल माज्या होडीचं. कंपनीचं न्हाय."

"आणलं कुठून?"

"मुरुडच्या गॅरेजातनं."

बाबा सहसा खोटं बोलत नाहीत, त्यामुळे त्यांना ते नीट येतही नाही. बोलता बोलता त्यांनी पायानं डबा मागे सारला. अधिकारी माझ्याकडे वळले. "म्हणजे तुमच्याकडून काही नाही ना, मॅडम?"

हो म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. बाबांना समज मिळाली असती, काका वाचले असते. पण मग त्या डब्यांमागे मी दोन वर्षं कशासाठी धावत होते? आणि कंपनीच्या तेलाचा ठपका माझ्या बापाच्या माथी? मी वाकून डबा उचलला आणि पट्टा अधिकाऱ्यांपुढे धरला.

"तेल आमच्या बार्जवरचं आहे," मी म्हणाले. "त्यावर लक्ष ठेवायचं काम माझं."

बार्ज थांबली. काकांची नोकरी मी भांडभांडून वाचवली, पण त्यांना इंजिनावरून काढून धक्क्यावर बसवलं. अजूनही ते मला मॅडमच म्हणतात, फक्त आता मी दिसले की वाट वाकडी करून जातात.

बाबा त्या दुपारी घरी आले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मी वाढत होते. "माणूस वाचावा म्हणून खोटं बोललो," ते म्हणाले, "आन् तू चारचौघांत मला खोटा पाडलास." मी नियम सांगायला लागले. तेल खाडीत गेलं की कोलंबीची पिल्लं मरतात, खाडी आपलीच आहे, वगैरे. भात संपवून त्यांनी हात धुतला.

"समदं खरं हाय," ते म्हणाले. "मंग दुसऱ्या बाजूला काय लावू, त्ये सांग."

मी मुरुडला, अलिबागला विचारत फिरले. पाण्यातल्या लाकडाला चालेल असं जे मिळतं, ते मोठ्या बोटींचं. आमच्या होडीएवढ्या धंद्याला ते परवडत नाही. ऑफिसला विचारलं, तर म्हणाले, तो आपला विषय नाही. होडी अजून तशीच आहे, एक बाजू काळी, एक बाजू उघडी. प्रत्येक उधाणाला बाबा ती वर घेतात, उघड्या बाजूला बोट रुतवून लाकूड किती मऊ झालंय ते बघतात आणि माझ्याकडे न बघता पुन्हा पाण्यात ढकलतात.