शेजारणीचं मत

आता काय सांगू तुम्हाला! माझ्या लायसनचं मातेरं करायला कुणी वैरी लागला नाही. ते काम मी माझ्याच तोंडानं केलं, तेही वीस मिनिटांत.

झालं असं. आमचा प्रशांत मास्तर म्हणून नोकरीला लागला आणि मी ठरवलं, आता आपली खानावळ काढायची. कितीतरी वर्षं मनात होतं. आमच्या आदिलाबादेत इडली-डोसा गल्लोगल्ली मिळतो, पण ज्वारीची गरम भाकरी आणि अंबाडीची भाजी? शोधत फिरा! पुढच्या खोलीत चार बाकं मावत होती. मोठा तवा आणला. पाटी रंगवून घेतली, 'सुमनबाईची भाकर'. आमचे हे, म्हणजे देवराव, जन्मभर कारकुनी केलेला माणूस. म्हणाले, "आदी मुन्शिपालटीचं लायसन, मंग पाटी." पाटी गेली पलंगाखाली.

माझी दरखास, म्हणजे अर्ज, घेताना तिथल्या माणसानं बोट वर करून बजावलं, "अम्मा, पहले चौकशी होगी. हमारा आदमी मोहल्ले में पूछेगा. और लायसन के पहले धंदा चालू किया, तो दरखास रद्द!"

"नहीं साब," मी म्हणाले, "चूल्हा भी नहीं जलाती."

आणि नेमका त्याच आठवड्यात प्रशांतच्या सोयरिकीचा निरोप आला. किनवटकडची मुलगी, शिकलेली, घरदार चांगलं. मध्यस्थ फोनवर म्हणाला, "वयनी, त्यायचा मानूस कोन्त्याबी दिवशी येईन. तुमच्या घरी नाई येनार, शेजारी इचारन."

तुम्हाला तर माहीतच आहे. आमच्याकडं मुलगा नंतर बघतात, आधी शेजार विचारतात. आणि शेजाऱ्यांनीही चार एकराचे आठ करून सांगायचे, अशी रीतच आहे. त्याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, शेजारधर्म म्हणतात!

तर त्या दुपारी मी समोरच्या लक्ष्मक्काच्या ओट्यावर मिरच्यांचे देठ मोडत बसले होते. लक्ष्मक्का तेलुगू, पण तीस वर्षांच्या शेजारानं तिची मराठी माझ्याहून ठसकेबाज झालेली. एवढ्यात एक माणूस मोटारसायकलवरून उतरला. तिशी-पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला बॅग.

"मावशी, ते समोरचं घर देवरावचं ना? त्या घरच्या बाईबद्दल जरा इचारायचं होतं. कशी हाय बाई?"

आला! सोयरिकीचा माणूस आला! मुलगी द्यायची तर आधी सासू कशी आहे हेच विचारणार ना? आता मीच ती सासू, हे सांगून कसं चालेल? लक्ष्मक्कानं तोंड उघडलं, मी तिला मांडीला चिमटा काढला.

"आमी शेजारीच. बसा ना, इचारा!" मी म्हणाले. "बाई मंजे लाखात एक! लय गरीब सोभावाची. अन् कमी बोलते बाप्पा! दिवस-दिवस तोंडातून शबूद निंगत नाई." हे मी श्वास न घेता कितीतरी वेळ सांगत होते.

त्यानं बॅगेतून कागद काढला आणि लिहायला लागला. मनात म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, लिहून नेणार.

"गल्लीत कोनाची तक्रार?"

"तक्रार? कोनाची हिंमत हाय! ती घराबाहीर निंगाली का गल्ली चिडीचूप!"

"पोलिस ठान्यात कदी..."

"ठान्यात? तिले सगळे वळखतेत! जमादार उठून खुर्ची देतेत." जमादार आमच्या ह्यांचा मावसभाऊ आहे, पण ते सांगितलं असतं तर वजन कमी झालं असतं.

त्याच्या भुवया वर गेल्या. मला वाटलं, छाप पडली. मग काय, मी सुटलेच!

"घरी काही धंदा चालते का?" त्यानं विचारलं.

"चालते मंजे? खानावळ हाय ना! रोज चाळीस मानसं जेवून जातेत."

"चाळीस? कवापासून?"

"दोन वर्स झाले."

"अय्यो!" लक्ष्मक्का ओरडली. तिला दुसरा चिमटा बसला.

"बरं मावशी, शेजाऱ्याचं मत म्हनून हितं सही करा." सोयरिकीला सही? जरा नवल वाटलं. पण आजकाल लोक पक्कं काम करतात, म्हणून मी ऐटीत सही ठोकली. हाताला लागलेली सवय हो! 'सुमन देवराव.'

त्यानं सही वाचली. मग कागदाच्या कोपऱ्यातला फोटो बघितला. मग मला बघितलं. पुन्हा फोटो. त्याचाही दोष नाही, त्या फोटोत मी कोंबडी चोरताना सापडल्यासारखी दिसते.

"मावशी, हे तं दरखासवालीचं नाव हाय."

"कोन्ती दरखास?"

"मुन्शिपालटीची. खानावळीच्या लायसनची."

सुपातल्या मिरच्या मांडीवर सांडल्या. तो शांतपणे लिहिलेलं वाचत गेला, "गल्लीले धाक दाखवते. पोलिस ठान्यात सगळे वळखतेत. लायसनबिगर दोन वर्स धंदा, रोज चाळीस गिऱ्हाईक. खाली सही, खुद्द तुमची."

खरं सांगते, एक भाकरीही न विकता मी दोन वर्षांच्या गुन्ह्याची कबुली दिली होती! इतक्या वर्षांची हौस डोळ्यांसमोर बुडताना दिसली आणि रडूच फुटलं. डोळे पुसले. कोणत्या हातानं? मिरचीच्या! मग जी बोंब ठोकली, ती ऐकून गल्ली खरोखरच चिडीचूप झाली.

लक्ष्मक्कानं तोंडावर तांब्याभर पाणी मारलं आणि त्याला सगळी हकिकत सांगितली. "साहेब, हिनं तुमाले सोयरा समजलं. चला, तुमीच पाहा."

त्यानं घरात येऊन पाहिलं. बाकांवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. तव्यावर कंपनीचा कागद तसाच चिकटलेला. पाटी पलंगाखाली. तो हसू दाबत म्हणाला, "हा कागद रद्द. आता खऱ्या शेजारनीचं मत सांगा."

लक्ष्मक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई चांगली हाय. कोनाले तरास नाई. खोटं बोलाले जाते, पन जमत नाई तिले."

त्यानं पहिली दोन वाक्यं लिहून घेतली, देव त्याचं भलं करो. मी भाकरी टाकते म्हटलं, तर म्हणाला, "आता नाई. लायसन आल्यावर येतो, पैसे देऊन खातो."

लायसन आलं. पाटी लागली. पहिल्याच आठवड्यात तो आला आणि शब्द दिल्याप्रमाणं बाकावर बसून भाकरी-भाजी खायला लागला. तेवढ्यात दोन पाहुणे येऊन त्याच्या शेजारी बसले. एकानं हळूच विचारलं, "भाऊ, आमी किनवटहून आलो. सोयरिकीचं पाहून राह्यलो. ह्या बाई कशा हायत?"

माझा हात परातीतच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, घास गिळला आणि म्हणाला, "बाई चांगल्या हायत. बाकी त्यायलेच इचारा. गल्लीत त्यायच्याएवढं चांगलं त्यायच्याबद्दल कोनीच सांगत नाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं! मी मान खाली घातली ती वर केलीच नाही. पाहुण्यांनी भाकरी मागितली, भाकरी वाढली. पाणी मागितलं, पाणी दिलं. ते जाईपर्यंत तोंडातून हूं की चूं नाही.

आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन. "वयनी, जमलं! पाव्हन्यायले घर पसंत हाय. म्हनले, पोरगा तं चांगलाच हाय, पन सासूबाई लय कमी बोलतेत, ते आमाले जास्त आवडलं."

आनंदानं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तर आमच्या ह्यांनी हातातून फोनच काढून घेतला.

"सुमन," ते हळूच म्हणाले, "लगन लागेपर्यंत आता तू कमीच बोल."