रंभाबाईची रोटी आणि सुनेचं रक्त

नागपुरात जरीपटक्याच्या मागच्या वस्तीत कोणाच्या घरी लग्न ठरलं की माणसं मांडववाल्याला सांगत आणि त्याच पावली रंभाबाईच्या दारात येत. तिच्यावाचून लग्न लागलं असतं, पण पंगत उठली नसती. रंभाबाई लांब रोटी करायची. गव्हाची वस्त्रगाळ कणीक सैल भिजवायची, परातीत आपटून आपटून तिला तार आणायची, मग तो गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत लांबवायचा आणि चुलीवरच्या उपड्या मडक्यावर अलगद सोडायचा. आपल्या रोटीतून चुलीतला जाळ दिसतो, असं ती म्हणायची. हे जरा जास्तच होतं, पण तिच्या तोंडावर तसं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

नवरा लवकर गेला. या रोट्यांवरच तिने रविंद्रला शिकवलं, वीज मंडळात चिकटवलं आणि मग कुहीकडची प्रेमिला सून करून आणली. कुहीकडचा मुलूख धानाचा. पोरीने माहेरी दोन्ही वेळा भातच खाल्लेला. रंभाबाईने तिला पहिल्या दिवशी तीन रोट्या वाढल्या आणि संपेपर्यंत समोरून हलली नाही.

वर्षभरात पोरीचं चिपाड झालं. पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, नळावरून घागर आणताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. माहेरी पाठवली की महिन्या-दीड महिन्यात गालांवर रंग चढून परत यायची, आणि आली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेजारच्या मनकर्णेने निदान करून टाकलं, “नाटकं आहेत वं. तिकडं आयतं भेटते, इथं काम पडते.” रंभाबाईलाही ते पटलं. पटायला सोपं होतं. पोरीला कायमची कुहीला पोचवून द्यावी, अशी भाषा नातलगांत सुरू झाली, आणि रविंद्र खाली मान घालून ऐकू लागला.

पण टोक गाठण्याआधी एकदा मोठ्या दवाखान्यात दाखवू, एवढा हट्ट त्याने धरला. साल शहाऐंशी असेल. तिथली डॉक्टरीणबाई तरुण होती आणि दिल्लीला शिकून आलेली. तिला गव्हाचा संशय आला. काही जणांच्या शरीराला गव्हातला चिवट अंश शत्रू वाटतो, शरीर त्याच्याशी लढायला लागतं आणि त्या लढाईची खूण रक्तात सापडते, असं तिने समजावलं. ही तपासणी तेव्हा नागपुरात होत नव्हती. रक्त घ्यायचं, त्यातलं वरचं पाणी वेगळं करायचं आणि बर्फात घालून मुंबईला धाडायचं. प्रेमिला नुकतीच दोन महिने माहेरी राहून आली होती. तिथून थेट तिला दवाखान्यात नेलं आणि रक्त दिलं. तीन आठवड्यांनी कागद आला. काही निघालं नव्हतं.

“पाहा, मी म्हनत नोती?” रंभाबाई डॉक्टरीणबाईला म्हणाली. तिचा चेहरा कसा फुलला होता!

डॉक्टरीणबाईने कागद बाजूला ठेवला आणि प्रेमिलाला विचारलं, “रक्त दिलं त्याच्या आधी काय खात होतीस?”

“भात,” प्रेमिला म्हणाली. “आमच्याकडं भातच राह्यते.”

डॉक्टरीणबाईने कपाळाला हात लावला. “चुकलं माझं. मी आधीच विचारायला हवं होतं. गहू पोटात गेलाच नाही, तर रक्तात खूण कुठून येणार? आता दोन महिने रोज गहू खायचा, मग पुन्हा रक्त घेऊ.”

रोज गहू खाऊ घालायचं काम रंभाबाईने आनंदाने अंगावर घेतलं. आता दूध का दूध, पाणी का पाणी होईल, असं ती वस्तीभर सांगत सुटली. ताटात रोटी वाढायची आणि समोर बसून राहायची. पहिला आठवडा तिची नजर पोलिसाची होती. पण समोर बसायचं म्हणजे बघावंच लागतं. पोरीच्या डोळ्यांखाली काळं कसं उतरतं, लुगड्याची गाठ दर आठवड्याला कशी आत सरकते, हे तिने पहिल्यांदाच धड पाहिलं. एका दुपारी प्रेमिला संडासाकडून भिंत धरत धरत आली, टेकली, आणि राहिलेला तुकडा तोंडात घालू लागली. रंभाबाईने ताट ओढून घेतलं.

“बस झालं. नोको खाऊ. मले पटलं.”

प्रेमिलाने ताट परत ओढलं. “तुमाले पटलं, आत्याबाई. पन उद्या कोनी इचारलं त मी काय दाखवू? मी बोलली त नाटक होते. माह्या रक्तालेच बोलू द्या.”

रंभाबाईला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. मनकर्णेच्या दारावरून जाताना ती दोन-तीन दिवस बोललीसुद्धा नाही.

दोन महिने भरले. रक्त मुंबईला गेलं आणि ते खरंच बोललं. पुढे नळी घालून आतडंही तपासलं, त्यातही तेच निघालं. जन्मभर गहू बंद, डॉक्टरीणबाईने सांगितलं. दर सहा महिन्यांनी रक्त पाहायचं, गहू खरंच सुटला असेल तर आकडा उतरत जाईल. आणि उठता उठता ती म्हणाली, “हिची भांडी वेगळी ठेवा. परात, तवा, ताट, सगळं.”

रंभाबाईने मान हलवली. पण आत कुठेतरी तिची लाही झाली होती.

मौद्याजवळच्या तिच्या गावात, ज्या वाड्यावर तिचा बाप राबायचा, तिथे वळचणीत एक कान तुटलेला कप खोचलेला असे. तो बापाचा. चहा पाहिजे तर त्याने तो काढायचा, वरून ओतलेला चहा उकिडवं बसून प्यायचा, कप स्वतः विसळायचा आणि होता तिथे खोचायचा. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन गावी परतल्यावर बापाने पहिलं काम काय केलं असेल, तर तो कप वळचणीतून काढला आणि विहिरीच्या दगडावर फोडला. रंभाबाई तेव्हा लग्नाच्या वयाची होती. तो आवाज ती विसरली नव्हती.

“माह्या घरात कोनाचं भांडं अलग नाई राहात,” घरी आल्यावर तिने रविंद्रला आणि प्रेमिलाला बजावलं. प्रेमिलालाही ते पटलं. तिच्याही आईच्या माहेरी असा कप होताच. तेव्हा गहू तिच्या ताटातून गेला, पण भांडी तीच राहिली. ज्या परातीत रोटीची कणीक आपटायची, तीच राखेने घासून तिच्यात ज्वारीचं पीठ मळायचं. डबा तोच, चाळणी तीच.

सहा महिन्यांनी रक्त दिलं. अंगात रक्त जेमतेम वाढलेलं, आणि मुंबईचा आकडा जवळपास होता तिथेच.

“गहू चालू आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“नाई जी. आईची शप्पथ.”

“मग रक्त खोटं बोलतंय का?” डॉक्टरीणबाईने प्रेमिलाकडे पाहिलं. नजर अगदी मनकर्णेची. प्रेमिलाने मान खाली घातली. दोन महिने गिळलेलं दुखणं वाया गेलं होतं. ती पुन्हा खोटी ठरली होती, आणि या वेळी स्वतःच्या रक्ताने.

रंभाबाईला ते सहन झालं नाही. “तिच्याकडं नोका पाहू, म्याडम. ते खरं बोलून राह्यली. भांडी म्याच अलग नाई केली.” आणि मग त्या टेबलासमोर उभ्या उभ्या तिने तो कप, ती वळचण, तो विहिरीचा दगड, सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाई हलक्या आवाजात म्हणाली, “परातीच्या कडेला राहिलेलं पीठही तिला पुरतं, आई. घासून जात नाही ते.”

घरी पोचल्या पोचल्या रंभाबाईने पदर खोचला. परात, मडकं, चाळणी, कणकेचा डबा, एकेक उचलून बाहेर नेलं. कपाट पुसून काढलं, जुने डबे मोडीत काढले, बाजारातून एक मोठी नवी परात आणली. त्या दिवसापासून घरात तिघांनाही भात आणि भाकरी. लग्नाच्या रोट्या ती मांडवातच करायची, स्वतःची रोटी तिथेच खायची, आणि परत आली की नळावर अंग धुऊन, लुगडं बदलूनच उंबरा ओलांडायची. वस्तीतल्या बायांनी तोंडात बोटं घातली.

दुसऱ्या दिवशी प्रेमिला अंगणात आली आणि थबकली. जुनी परात वळचणीला टांगलेली होती.

“आत्याबाई, हे इथं काहून? काढा ना. मले पाहवत नाई.”

“राहू दे. बापाले तो कप दुसऱ्यानं देल्ला होता. हे म्या माह्या हातानं टांगलं. तुहं भांडं घरात राहीन, अलग राहाचं असंन त माहं.”

पुढच्या खेपेला आकडा निम्म्यावर आला. त्याच्या पुढच्या खेपेला काही सापडलंच नाही. पहिल्यांदा आला होता तसाच ‘काही नाही’ म्हणणारा कागद, पण या वेळी त्याचा अर्थ वेगळा होता आणि तो प्रेमिलाच्या अंगावर दिसत होता. तिने तो दारात उभं राहून मोठ्याने वाचला. मनकर्णेच्या घरापर्यंत ऐकू गेला असेल.

रंभाबाईने चुलीवरचा भात उतरवला. आयुष्यभर काचेसारखी रोटी करणाऱ्या त्या बाईच्या भाकरी अजून कडेला फाटत होत्या. त्या तिने नव्या परातीत रचल्या, बाजूला भात उपसला, त्यावर वरण ओतलं. ताटं मांडायला उठलेल्या प्रेमिलाला तिने हाताला धरून खाली बसवलं, रविंद्रला हाक मारली आणि ती एकच परात तिघांच्या मधोमध सरकवली.

“घे वं,” ती म्हणाली. “पह्यला घास तुहा.”