कितला गुरुजी

गुरुजींना आमची अहिराणी धड येत नसे. ते बोदवडकडचे, तिकडची बोली निराळी. धरणगावजवळच्या आमच्या खेड्यात येऊन त्यांनी अहिराणीतला एकच शब्द उचलला, तो म्हणजे 'कितला', म्हणजे किती. बरं, तोही नीट नाही. पोरी असोत, पाऊस असो की भाकरी असोत, सगळ्यांना 'कितला?' आमच्याकडे पोरी 'कितल्या' असतात, हे कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी फरक पडला नाही. शेवटी गावानंच हात टेकले आणि त्यांचं नाव कितला गुरुजी ठेवलं.

"बठ्ठा गाव आजारी शे," सगळा गाव आजारी आहे, असं कुणी म्हणालं की गुरुजी थांबलेच. "बठ्ठा म्हणजे कितला?" समोरचा वैतागून बोटं मोजायला लागे आणि सहाव्या बोटावर अडे. गुरुजी मात्र जिंकल्यासारखे हसत नसत. "सहाच का बरं?" असं विचारत, आणि त्यांना ते खरंच जाणून घ्यायचं असे. हा माणूस चौकस की चोंबडा, यावर पारावर दोन तट होते. कुठल्या तटात किती जण, तेही गुरुजींनी एकदा विचारून घेतलं होतं.

स्तंभालेख त्यांनी आम्हाला फळ्यावर नाही, शाळेच्या अंगणात शिकवला. ज्वारीच्या कडब्याचे वीतभर तुकडे केले आणि प्रत्येकाला एकेक दिला. काल रात्री घरी जी भाजी झाली, तिच्या रांगेत आपला तुकडा मांडायचा. वांग्याची रांग सगळ्यांत लांब झाली. आम्ही हात धुवायला गेलो तेवढ्यात एका शेळीनं ती अख्खी फस्त केली. आम्ही दगड उचलले, तर गुरुजी उकिडवे बसून म्हणतात, "थांबा. आता हा आलेख काय सांगतो?" "वांगं कुणीच खाल्लं नाही." "मग खोटं कोण बोलतंय, गाव की आलेख?" तेव्हापासून छापलेला आलेख दिसला की मला आधी शेळी आठवते.

गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे धरणगाव. माझे वडील, आबा, पिठाची गिरणी चालवत. सातवीची परीक्षा जवळ आली तेव्हा त्यांनी गुरुजींना सांगून टाकलं, "सातवी झायी का बठ्ठ्या पोरी घरच ऱ्हातस. हाई बी ऱ्हाई."

"बठ्ठ्या म्हणजे कितला?" गुरुजींनी विचारलं.  उत्तर शोधून आणायचं काम माझ्यावर पडलं.

मागच्या दोन वर्षांत सातवी झालेल्या पोरी अकरा. मी घरोघर फिरले. सात घरी होत्या, चार धरणगावला शिकत होत्या. आबांचं म्हणणं जवळजवळ खरं ठरत होतं. मी चौकटीच्या कागदावर आलेख काढला; उंचीत लबाडी केली नाही, पण शाळेत जाणाऱ्या चौघींचा स्तंभ हिरवा आणि चांगला दुप्पट रुंद रंगवला. गुरुजींनी कागद पाहिला आणि रबर पुढे केलं.

"रुंदी सारखी. बोलायचं ते उंचीला बोलू दे."

"पण मग आबा नाहीच म्हणतील!"

"म्हणू देत. पण खरं बघून म्हणू देत."

मी रडत रडत पुसला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गिरणीवर गेलो. आबांनी पिठाचे हात झटकले आणि कागद धरला. सातांच्या उंच स्तंभाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"चार? माले तं वाटे, एक बी जात नही."  मग बुटक्या स्तंभावर बोट ठेवून म्हणाले, "आठे पाच करा."

इथं पाच, म्हणजे पाचवी मी! मी आनंदानं पेन्सिल उचलली, तर गुरुजी आडवे आले. "नाही जमणार. ही त्या अकरांत नाही. हिचं वर्ष वेगळं."

आबा उखडले. "मंग काढा ना नवा कागद!"

जूनमध्ये मी धरणगावच्या शाळेत जायला लागले, आणि त्याच महिन्यात गुरुजींची बदली झाली, चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. निरोपाला मी गेले नाही. इतका राग आला होता की गिरणीतच बसून राहिले. दिवाळीच्या सुट्टीत आबाच मला त्यांच्याकडे घेऊन गेले. मी नवा कागद नेला होता. गावातल्या आमच्या सातवीच्या वर्गातल्या पोरी सहा: घरी पाच, शाळेत एक. ती एक चौकट मी जीव लावून रंगवली होती.

गुरुजींनी दोन्ही स्तंभांची रुंदी निरखली आणि मान डोलावली. मी शाबासकीची वाट बघत होते. त्यांचं बोट माझ्या चौकटीवरून सरकलं आणि उंच स्तंभावर थांबलं.

"या पाच कोण?"

मी नावं सांगू लागले. तिसरी माझ्या शेजारी बसायची. तिचं नाव मी दोनदा सांगितलं. गुरुजींनी घाई केली नाही. पाचही नावं ऐकून घेतली.

गुरुजी आता नाहीत. त्यांची फार आठवण येते. मी धुळ्याला शिकवते. जूनमध्ये वर्गात आलेल्या मुली बघून बरं वाटतं, पण शाळा सुटली की चपला घालून न आलेल्यांच्या दारी जाते. मागच्या वर्षी एका आईनं विचारलं, "बाई, इतल्या उन्हमा कसाले फिरतस?"

"तुमच्या पोरीचं नाव लिहून घ्यायला," मी म्हटलं.

आईनं तोंड उघडायच्या आत, दाराआडून पोरीनंच आपलं नाव सांगितलं.