मेंटल कुत्र्याचं खेळणं

शेलूबाजारात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक ढेपेचं पोतं उचलून नेतं, दावं नेतं, जंताचं औषध नेतं. पण बाकावर बसून सांगितलेला किस्सा कोणी परत नेत नाही. तो इथेच पडून राहतो. इतके साचलेत की मालाला जागा कमी पडते आहे. बहुतेक हसण्यासारखे आहेत. हे खालचेही हसण्यासारखेच होते, मी तोंड उघडेपर्यंत.

*

गावात गुरं कमी झाली, बंगले वाढले, तसा आमचा अकोल्याचा सेल्समन कुत्र्यांचा माल गळ्यात मारायला लागला. आधी बिस्किटं, मग पट्टे, आणि एक दिवस चक्क खेळणी. रबरी हाडं, चेंडू, दाबलं की चूं करणारी बदकं. मी ती जंताच्या औषधांशेजारी टांगली.

किसनराव म्हणजे रिटायर्ड एसटी कंडक्टर आणि आमच्या बाकाचे कायमचे सभासद. त्यांनी एक बदक दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं.

"हे कोनासाठी?"

"कुत्र्यांसाठी."

"असं. मंग म्हशीसाठी झोका कवा येऊन राह्यला?"

पुढे महिनाभर जो येईल तो म्हशीचा झोका विचारून जायचा. खपलं मात्र एकही बदक नाही.

*

पहिलं खरं गिऱ्हाईक रामदासभाऊ. त्यांचं शेत हायवेत गेलं. मुलानं, म्हणजे विनोदनं, गावात बंगला बांधला आणि वडील व कुत्रा असे दोघेही शेतातून तिथे आणले. कुत्र्याचं नाव भुऱ्या. गावठीच, पण काम असं की त्याच्या धाकानं रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं तुरीत पाय ठेवत नसत. एका डुकरानं त्याचा डावा कान अर्धा फाडला होता. रामदासभाऊ तो कान लोकांना मेडल दाखवावं तसा दाखवायचे.

बंगल्यात आल्यावर भुऱ्या टाइल्सवर घसरायचा. मग त्यानं पायपुसणं फाडलं, सुनेची चप्पल फाडली, सोफ्याचा एक हात पोटातला कापूस दिसेपर्यंत उघडला. विनोदनं सांगून टाकलं, "बाबा, आता एक जरी वस्तू फाडली, तर याले मेडशीच्या जंगलात सोडून येतो."

रामदासभाऊ भुऱ्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, "याला आजार काही नाही. हा रिकामा आहे. याच्या डोक्याला काम द्या."

रामदासभाऊ म्हणाले, "काम होतं ना मॅडम. त्याच्यावरून आता गाड्या धावून राह्यल्या."

मॅडमनी मान खाली घातली आणि चिठ्ठीवर 'खेळणी' असं लिहून दिलं. जनावराच्या दवाखान्याची ती चिठ्ठी घेऊन ते माझ्याकडे आले. औषध मागावं तसं म्हणाले, "सुधाकर, हे आहे काय तुह्याकडे?"

*

मी आधी चेंडू दिला. भुऱ्यानं तो विनोदच्या नव्या लॉनमध्ये खड्डा करून पुरला.

मग बदक दिलं. ते चूं करताच भुऱ्यानं मान धरून दोन झटके दिले, पोट फाडलं, आतली शिट्टी बाहेर काढली आणि रामदासभाऊंच्या पायाशी आणून ठेवली. शेतात डुक्कर हाकललं की असाच येऊन उभा राहायचा म्हणे.

"मंग तुमी काय केलं?" किसनरावांनी विचारलं.

"शाबासकी देली. त्याले कसं सांगू, का हे खोटं व्हतं म्हून?"

*

शेवटी मी सेल्समनकडून एक महागातलं खेळणं मागवलं. प्लास्टिकचं ताट, त्यात नऊ खळगे, वर सरकती झाकणं. खळग्यात बिस्किट लपवायचं आणि कुत्र्यानं डोकं चालवून झाकण सरकवायचं. रामदासभाऊंनी बाकावर बसून ते शिकून घ्यायचं ठरवलं. एक झाकण सरकलं की दुसरं अडायचं. किसनरावही मदतीला बसले. तासभर दोघांनी घाम गाळला, आणि सहा बिस्किटं आतच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "भुऱ्याला जमलं का?"

"दोन मिन्टात. तोंडात धरलं अन् उलटं केलं." मग म्हणाले, "घरात एकालेच अक्कल हाय सुधाकर, अन् त्यालेच हाकलून देऊ म्हन्ते."

मग ते रोज नव्या जागी बिस्किटं लपवायला लागले. कधी दाराआड, कधी तुळशीच्या कुंडीमागे, कधी स्वतःच्या टोपीखाली. भुऱ्या हुडकायचा. महिनाभर घरातलं काहीही फाटलं नाही. सून सासऱ्याशी दोन शब्द बोलायला लागली.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं.

*

त्या खेळण्याचा रिकामा खोका दुकानातच राहिला होता. एका बाजारच्या दिवशी बाक भरलेला होता. किसनरावांनी खोका उचलून विचारलं, "याच्यावर इंग्रजीत काय लिहेल हाय रे?"

लिहिलं होतं 'मेंटल स्टिम्युलेशन'. मला अर्थ माहीत होता, डोक्याला चालना. सेल्समननं नीट समजावला होता. पण समोर आठ माणसं बसलेली, आणि मला चमकायची हौस.

मी म्हणालो, "मेंटल कुत्र्यासाठी खेळणं!"

बाक कोसळायचा बाकी राहिला. इतका हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. संध्याकाळपर्यंत तो किस्सा जीपच्या स्टँडवर पोचला. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानात मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, "रामदासचा कुत्रा मेंटल झाला म्हन्ते. स्पेशल खेळनं लागते त्याले." तिसऱ्या दिवशी 'मेंटल' गेलं आणि 'पिसाळलं' आलं.

दूधवाला दूध फाटकाबाहेर ठेवून पळायला लागला. शेजारणीनं आपली पोरं आत कोंडली. सून माहेरी फोन करून रडली, घरात लहान लेकरू आहे म्हणून. विनोद दुकानात आला. आवाज चढवला नाही, तेच मला जास्त लागलं.

"काका, तुमीच म्हनलं ना?"

"अरे, गंमत केली."

"मंग आता गावाले सांगा, गंमत हाय म्हून."

मी सांगितलं. दुकानात सांगितलं, स्टँडवर जाऊन सांगितलं. एकजण शांतपणे म्हणाला, "तुमी खेळनं इकता. तुमी तसंच म्हनसान."

*

डॉक्टर मॅडम भल्या बाई. त्यांनी कागदावर लिहून दिलं की कुत्रा निरोगी आहे, रेबीजची लस दिलेली आहे. खाली सही, शिक्का. रामदासभाऊंनी त्याची झेरॉक्स काढली, प्लास्टिकमध्ये घातली आणि फाटकाला तारेनं बांधली.

येणारे-जाणारे थांबून वाचत होते. वाचून रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जात होते.

किसनरावांनी मला येऊन सांगितलं, "लोक म्हनून राह्यले, चांगल्या कुत्र्याले कायले लागते सर्टिफिकेट?"

त्या दिवशी बाकावर कोणी हसलं नाही. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

*

रामदासभाऊ दुपारचे झोपलेले असताना विनोदनं भुऱ्याला गाडीत घातलं. संध्याकाळी एकटाच परत आला. खरं तर पोरगा वाईट नाही. शेजारी रोज भांडत होते, बायको लेकराला घेऊन जायला निघाली होती. त्यानं काय करायचं होतं ते मलाही सांगता येत नाही.

दोन दिवसांनी रामदासभाऊ दुकानात आले. ते ताट काउंटरवर ठेवलं.

"हे ठेव. कोनाले लागलं तर देजो."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"पोरगं म्हन्ते, 'बाबा, जागा लय चांगली पाहून सोडलं.' मी म्हनलं, ध्यानात ठेव बाप्पा. माह्यासाठी बी लागन."

ते ताट मी विकलं नाही. फेकूनही देववत नाही.

*

दीड-दोन महिन्यांनी सेल्समन आला. तो अकोल्याहून मेडशीवरूनच येतो. त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. मेडशीच्या पुढे एका शेतकऱ्याच्या शेतात एक कुत्रा आपोआप येऊन राहिला होता. रोही दिसला की धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, हाकलून यायचा, आणि मालक सगळ्यांना कौतुकानं त्याचे व्हिडिओ पाठवायचा. मी व्हिडिओ थांबवून मोठा करून पाहिला. डावा कान अर्धा होता.

मी दुकान उघडं टाकून रामदासभाऊंकडे धावलो. ते दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघाले. पिशवीत बिस्किटं आणि साखळी. मी दिवसभर रस्त्याकडे पाहत होतो. भुऱ्या परत आला असता तर माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं, हे कबूल करतो.

संध्याकाळी ते बसमधून एकटेच उतरले आणि बाकावर येऊन बसले. पिशवीत साखळी तशीच होती.

"तो नव्हता का?" मी विचारलं.

"तोच व्हता. लांबूनच वळखलं मले. आला, हात चाटले, बिस्किटं खाल्ली. मंग तुरीत कायतरी हाललं, तसा गेला निंघून."

"मंग आनलं काहून नाही?" किसनराव म्हणाले.

"कुठे आनू?"

मी चहा सांगितला. तो आला. रामदासभाऊंनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"त्या शेतवाल्याले मी इचारलं," ते म्हणाले, "का बाप्पा, राखनीले एखांदा मानूस बी लागते काय तुले?"

"मग?"

"हासला तो. त्याले वाटलं, म्हातारा गंमत करून राह्यला."