साहेबी कोट, एलिनाच्या मापाने

पापडीच्या आलोशियस मास्तरांनी जन्मभर गोऱ्या साहेबांचे कोट शिवले, पण गोरा साहेब काही त्यांच्या वाट्याला एकदाही आला नाही. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे सिनेमातले नट. गोरेगावच्या एका कपडेपटात ते मुख्य कटर होते. पडद्यावर ब्रिटिश अधिकारी दिसला की आधी त्याचा कोट बघायचा आणि मग तोंड, असा त्यांच्या घरचा शिरस्ता. आता निवृत्त होऊन ते वाडीतल्या केळी बघत होते, म्हणजे केळी आपल्या वाढत होत्या आणि मास्तर बघत होते.

मुलगी एलिना नर्स. तिला स्कॉटलंडच्या एका इस्पितळात नोकरी लागली. आई पॉलिन हिने आळीभर केक वाटला. मास्तरांनी मात्र 'जा' असं काही म्हटलं नाही. "तिथली थंडी हाडांत शिरते. ओव्हरकोट मी शिवणार. कोट होऊ दे, मग बघू," एवढंच. आणि बापाने तोंडभरून जा म्हटल्याशिवाय एलिनाचा पाय घरातून निघणार नव्हता.

झालं, कोट काही ठरेना. एका संध्याकाळी मास्तर म्हणाले, "ग्रेटकोट. लांबलचक, पाठीला अर्धा पट्टा, पितळी बटणं. गार्ड्सच्या पलटणींत बटणं एकेकटी लावलीत, जोडीने की तीन-तीन, त्यावरून पलटण ओळखतात. पण तो परेडला उभं राहायला. तू वॉर्डात धावणार." दुसऱ्या दिवशी ट्रेंचकोट निघाला. घट्ट विणीच्या सुती गॅबर्डिनचा, कमरेला पट्टा, पावसाला उत्तम, पण लोकरीची ऊब त्याला कुठली! मग ब्रिटिश वॉर्म. जाड मेल्टन लोकरीचा, गुडघ्यापर्यंतच, खांद्यावर पट्ट्या, चामड्याची बटणं. हा अगदी एलिनासाठीच. आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा ग्रेटकोटावर.

"लढाई संपून साहेब घरी गेले, तरी तुमचा कोट ठरेना," पॉलिन म्हणाली. "पोरीला पाठवायचं नसेल तर तसं सांगा ना!"

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. चष्मा चांगला स्वच्छ होता.

विमानाचं तिकीट आलं तेव्हा कुठे त्यांनी कात्री उचलली आणि ब्रिटिश वॉर्म बेतला. झाला तो असा देखणा, की पॉलिनसुद्धा टोमणे मारायचं विसरली. पण ऊब तपासणार कुठे? पापडीत कोट नुसता बघूनच घाम फुटतो. मास्तरांचा मित्र एरॉल याचा नायगावला बर्फाचा कारखाना. बापलेक कोट घेऊन तिथे गेले.

"मास्तर, लगीन हाय का कोनाचं?" एरॉलने कोट बघून विचारलं आणि बर्फाच्या खोलीचं दार उघडलं.

एलिना आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. "छान आहे, पप्पा. मस्त ऊब येते." दात मात्र कडकड वाजत होते.

मास्तरांनी कोट उलटा केला आणि कपाळावर हात मारला. सेटवरच्या दिव्यांखाली नटाला उकडू नये म्हणून काखेत शिवण मोकळी सोडायची, कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच अस्तर लावायचं, खिशाची नुसती झाकणं शिवायची, असा त्यांचा जन्माचा हात. तो हात इथेही सवयीने चालला होता. गारठलेले हात खुपसायला पोरीला खिसासुद्धा नव्हता.

"आणि तू हा घालून कुडकुडत फिरणार होतीस?"

"हो," एलिना म्हणाली. "तुम्ही शिवलाय ना."

मास्तरांना भडभडून आलं. आपण कोटाच्या नावाखाली पोरीला अडवून धरलं आणि ती मात्र आपलं मन राखायला थंडीत गारठायला तयार, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

घरी येऊन त्यांनी कोट उसवला. काखा बंद केल्या, आतून वरपासून खालपर्यंत जाड अस्तर घातलं, खोल खिसे शिवले. या खेपेला ग्रेटकोटाचं नावही निघालं नाही.

पुन्हा नायगाव. एलिना आत गेली ती येईचना. एरॉल हाका मारून दमला. शेवटी ती बाहेर आली, कोट काढला आणि बापाच्या अंगावर चढवला. "आता तुम्ही जा."

बापाचेच खांदे तिला आलेले, त्यामुळे कोट चपखल बसला. इतके कोट शिवले, पण त्यातला एकही मास्तरांनी स्वतः घातला नव्हता. ते बर्फाच्या लाद्यांमध्ये जाऊन उभे राहिले. गालांना गारवा झोंबत होता, पण छातीपर्यंत पोचत नव्हता. त्यांनी हात खिशात घातले. तळाशी अजून लेकीच्या हातांची ऊब होती.

ते बाहेर आले तेव्हा डोळे भरलेले होते, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"पप्पा, कसा आहे?"

"जा, बाळा," मास्तर म्हणाले. "आता खुशाल जा."